साडभाऊंचा कॅमेरा, मामींचा पदर

आभाळावर तिळभरही विश्वास नसलेला माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, निघावा हे माझं नशीब. आमच्याकडे ढग आले की लोक हात जोडतात. हे गृहस्थ शिडी शोधतात. देऊळगाव राजाला त्यांचा कॅमेरे बसवण्याचा धंदा आहे. दुकानं, गोदामं, मंगल कार्यालयं, एवढंच काय, विहिरीवरच्या मोटारीवर नजर ठेवायलासुद्धा त्यांनी कॅमेरे टांगले आहेत. चोरांबद्दल त्यांचं मत तसं सौम्य आहे. चोर येईल किंवा येणार नाही. पाणी मात्र येणारच, असं ते म्हणतात. त्यांचा खरा वैरी पाणी. आता आमच्या कोरडवाहू मुलखात पाण्याशी वैर धरणं म्हणजे गावाशी वैर धरणं, म्हणून ते आधीच खुलासा करून टाकतात. "पड ना बाप्पा, वावरात पड, तळ्यात पड, कोन नाही म्हनते? माह्या डब्यात काऊन शिरतं?"

डबा म्हणजे जंक्शन बॉक्स. भिंत आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा, तळहाताएवढा पांढरा प्लास्टिकचा डबा. कॅमेऱ्याच्या वायरींचे जोड त्यात झाकून ठेवायचे असतात. पुष्कळ कारागीर जोडाला काळी टेप गुंडाळतात, फार तर वरून एखादी प्लास्टिकची पन्नी बांधतात आणि पुढच्या कामाला लागतात. असा उघडा जोड दिसला की साडभाऊंना जेवण जात नाही. शेगावला दर्शनाला गेलो होतो, तेव्हा लॉजच्या दारातच ते वर बघत उभे राहिले ते हलेचनात. हात जोडलेले, डोळे पाणावलेले. मॅनेजरला वाटलं, पाहुणे फार भाविक दिसतात. त्यानं अंगाऱ्याची पुडी पुढं केली. साडभाऊंनी छपराखाली पन्नीत गुंडाळलेल्या वायरींकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "त्याले लावा." चिखलीच्या एका लग्नात मंगलाष्टकं संपली तरी यांच्या अक्षता मुठीतच होत्या, कारण कार्यालयाच्या कोपऱ्यावरच्या कॅमेऱ्याची वायर डब्यात वरून शिरली होती. वायर नेहमी खालून आत गेली पाहिजे आणि जाण्याआधी तिनं जरा पोट सोडलं पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी त्या पोटाशी येऊन ठिबकून जातं, हा त्यांचा पहिला धडा. नवरानवरी पाया पडायला आली तेव्हा त्यांनी आशीर्वादाऐवजी हेच सांगितलं, असं माझी बायको सांगते. मला ते खोटं वाटत नाही.

दुसरा धडा फटी बुजवायच्या सिलिकॉनचा. डब्याच्या वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरायचं, खालची कड मात्र मोकळी सोडायची. कितीही बंदोबस्त केला तरी थोडं पाणी आत जातंच, त्याला बाहेर पडायला वाट पाहिजे. हा नियम ते माणसांनाही लावतात. एकदा माझं आणि बायकोचं चांगलंच वाजलं होतं, घरात बोलणं बंद होतं, तेवढ्यात हे कामासाठी आमच्याकडं बुलढाण्याला आले. दोघांची तोंडं बघून त्यांना काय समजायचं ते समजलं. जाताना जिन्यात मला म्हणाले, "मास्तर, चारी आंगानं नका बंद करू. खालून मोकळं ठेवा." मी वर गेलो आणि मुकाट्यानं चहा टाकला.

काम झालं की ते शिडीवर चढून कॅमेऱ्यावर तांब्याभर पाणी ओततात आणि डबा उघडून आत बोट फिरवतात. बोट कोरडं निघाल्याशिवाय चहा घेत नाहीत. देऊळगावच्या एका किराणा दुकानात मालकाचे वडील हे बघून टोपी काढून उभे राहिले होते. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण साडभाऊ हे सगळं ज्या चेहऱ्यानं करतात, त्या चेहऱ्यानं लोक पिंडाला पाणी सोडतात. मी त्यांना हसताना फार क्वचित पाहिलं आहे. त्यांच्या पाठीमागं मात्र आम्ही घरचे पोटभर हसत आलो आहोत.

आमची दोघांची सासुरवाडी धाड गावात. सासरे गेल्यापासून सासूबाई तिथं एकट्या राहतात. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणतो. म्हणजे म्हणतो तेही दुरूनच. मामींच्या घरी जुनी रीत आहे. जावई आला की सासूचा पदर डोक्यावरून कपाळापर्यंत येतो आणि दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मामी दाराआडून मुलीला सांगतात, "त्याइले म्हनाव, चहा घ्या," आणि साडभाऊ भिंतीकडं बघून म्हणतात, "साखर कमी टाका म्हनाव." इतकी वर्षं संसार झाला, नातवंडं मोठी झाली, पण ही रीत दोघांनीही कधी मोडली नाही.

मागच्या हिवाळ्यात मामी अंगणात न्हाणीपाशी पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण शेजारीण येईपर्यंत त्या बराच वेळ तशाच पडून होत्या. दोन्ही मुली हादरल्या. एक तर आईनं आमच्याकडं राहायला यावं, नाहीतर अंगणात कॅमेरा बसवायचा, म्हणजे आम्हाला फोनवर ती दिसत राहील, असं त्यांनी ठरवलं. मामींना घर सोडायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लावा काय लावाचं थे. पन मी इथून हालत नाही." साडभाऊच तेवढे कुरकुरले. "दुकानावर चोर पाहाचा अस्ते. इथं काय पाहाचं?" पण त्यांच्या मेहुणीपुढं, म्हणजे माझ्या बायकोपुढं, त्यांचं काही चाललं नाही.

काम त्यांनी असं केलं की सांगता सोय नाही. स्वयंपाकघराच्या दारावर, छपराच्या आडोशाला डबा, वायरीला नेमकं पोट, सिलिकॉनची कड सुरीनं कापल्यासारखी. पाणी ओतलं, बोट कोरडं निघालं. मग भिंतीकडं तोंड करून मामींना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "याच्यातून मी अन् पोरी रोज पाह्यत राहू. काही काळजी नाही."

त्या दिवसापासून अंगण रिकामं झालं. ज्या बाई सकाळपासून दिवेलागणीपर्यंत अंगणातल्या खाटेवर असायच्या, डाळ निवडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायच्या, त्या फोनवर दिसेनाशाच झाल्या. दिसल्याच तर डोकं झाकून, मान खाली घालून, अंगणातून लगबगीनं जाताना. फोनवर विचारलं तर म्हणायच्या, "बरी हाओ." मुलींना ते पटेना. आईनं अंथरूण धरलं आहे आणि आपल्यापासून लपवते आहे, असं दोघींच्या मनानं घेतलं. आता विचारायचं नाही, सरळ घेऊनच यायचं, असा निर्णय झाला आणि एका रविवारी आम्ही चौघं धाडला पोचलो. बायकोनं आईच्या कपड्यांसाठी रिकामी बॅगही बरोबर घेतली होती.

साडभाऊ आणि मी ओट्यावर बसलो. आत मोठीनं, म्हणजे साडभाऊंच्या बायकोनं, आईला विचारलं, "काऊन वं, बाहीर काऊन बसत नाहीस तू?"

"कशी बसू?" मामींचा आवाज ओट्यापर्यंत स्पष्ट येत होता. "जवाई पाह्यते ना वरतून! दिवसभर पदर धरून धरून मान आखडली माही. पाय लांब कराची सोय नाही. डोक्शं धुतलं तं केस कुठी वाळवू?"

आत दोघी खळखळून हसल्या. मीही हसलो. साडभाऊ हसले नाहीत. ते खाली मान घालून बसले आणि त्यांचे कान लाल झाले.

माझी बायको बाहेर आली. "भाऊजी, तुम्ही दोघं आपापल्या फोनमधून ते कॅमेऱ्याचं काढून टाका, म्हणजे झालं."

"आमी काढू," ते म्हणाले. "पन थो डोळा तिथंच राहीन ना. तिचा हात पदरावरून निघाचा नाही." आणि ते शिडी आणायला उठले.

स्वतःचं काम स्वतःच्या हातानं उखडताना मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं. सिलिकॉन खरवडलं, डबा उतरवला, भिंतीतली भोकं बुजवली. मग तोच डबा त्यांनी फाटकाबाहेरच्या खांबावर बसवला. आता कॅमेऱ्यात दिसत होतं फक्त फाटक आणि समोरची गल्ली. अंगण नाही, खाट नाही.

"मग आई पडली तर दिसणार कसं?" बायकोनं विचारलं. 

"नाही दिसनार." साडभाऊ शिडीवरून उतरले. "पडन तवा पडन, ताई. तोवर तं बसू द्या तिले."

 मग दारातून मामी स्वतः पुढं आल्या. पदर होताच, पण त्या कुणाला मधे न घालता सरळ म्हणाल्या, "जवाईबापू, उनात नका उभे राहू. सावलीत बसा."  साडभाऊ तिथंच, फाटकाशी, सावली नसलेल्या जागी बसले. बॅग आम्ही रिकामीच परत आणली.

आता रोज सकाळी मामी फाटकाला बाहेरून अडकवलेली दुधाची किटली काढून घेतात. फाटक थोडं उघडतं, गोंदलेला एक हात बाहेर येतो, किटली घेतो आणि आत जातो. कॅमेऱ्यात एवढंच दिसतं. मामींना हे माहीत नाही, आणि आम्ही त्यांना सांगणारही नाही. हात दिसला की देऊळगावहून मला साडभाऊंचा फोन येतो. "दिसला, मास्तर," म्हणतात आणि ठेवून देतात. परवा हाताला उशीर झाला. त्यांनी फोन लावला होता, मी उचललाही होता; फोन चालूच ठेवून आम्ही दोघंही पडद्यावरच्या फाटकाकडं बघत राहिलो, आणि किती वेळानं कोण जाणे, ते हललं. त्यांच्याबद्दल मी पुष्कळ विनोद केले आहेत, यापुढंही करीन. पण माझा त्या माणसावर फार जीव आहे. एखाद्या सकाळी ते फाटक उघडणार नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही. त्या दिवशी फोन कोणी कोणाला करायचा, हे मात्र आम्ही अजून ठरवलेलं नाही.