माझ्याच बोटांनी लिहिलेलं शिफारसपत्र

“लिही,” सर म्हणाले. “विद्यार्थिनी आज्ञाधारक आहे.”

मी लिहिलं. सरांच्या केबिनमध्ये, सरांच्या संगणकावर, माझंच शिफारसपत्र. आमच्या विभागात रीतच आहे. परदेशातून शिफारस मागितली की सरांसारखे पीएचडीचे गाईड आपल्या मेलचा पासवर्ड देतात, पत्र विद्यार्थ्यानं टाइप करायचं, नाव तेवढं गाईडचं. पीएचडी झाल्यापासून मी परदेशात पोस्टडॉकची, म्हणजे पुढच्या संशोधनाची, जागा शोधत होते. मेल करून करून थकले. शेवटी एका प्राध्यापिकेनं उत्तर दिलं. शुक्रवारपर्यंत गाईडचं पत्र पाठवा, मग बघू.

“पुढं लिही. दिलेलं काम करते. स्वतंत्र विचारांची कुवत बेताची.”

बोटं थांबली. बोडीतला, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यातला, गाळ धानाच्या बांधीत, खाचरात, टाकला की माती कशी बदलते, हा विषय माझा. आमच्या दिघोरीच्या बोड्यांत गुडघाभर चिखलात उतरून नमुने मीच काढले. सर एकदाच आले होते. गाडीतून उतरले नाहीत.

“सर, विषय तर मी...”

समोर दोन ज्युनिअर बसले होते. सर त्यांच्याकडे बघून हसले. “तुम्हा लोकांना इथवर सरकारनं उचलून आणलं. आता समुद्रापार मी उचलून नेऊ का?”

ज्युनिअरही हसले. आणि मी? मी ते वाक्य टाइप केलं. कुवत बेताची. सरांचा राग येतो, पण लाज मला माझ्या बोटांची वाटते.

“पाठव.”

बटन दाबवेना. “सर, उद्या पाठवते,” मी म्हणाले आणि उठले. भित्र्या माणसाचं बोलणं. बसमध्ये लाखनी येईपर्यंत डोक्यात एकच होतं. हा माणूस मुलाखतीच्या प्रत्येक समितीवर असतो. बिनसलं तर परदेश सोडा, तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवरसुद्धा कोणी उभं करणार नाही.

माय अंगणात तांदूळ पाखडत होती. सगळं सांगितलं. तिचं सूप थांबलं.

“थो सांगे, अन् तू लिवे? त्याले तुले कमी लिवाचं असन, त आपल्या हातानं लिवावं ना. तू काहून लिवून राहिली?”

“मले भेव लागते, माय.”

“भेव त मलेबी लागे. धानाच्या रोवण्यात मालक आमाले जातीवरून हाका मारे. एक दिवस मी ओच देल्ली नाही.”

“मंग?”

“मंग काय. त्यानं काम बंद केलं. दुसऱ्या गावाले गेलो रोवण्याले.”

एवढं बोलून ती पुन्हा पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सरांच्या केबिनमध्ये गेले. तेच ज्युनिअर बसलेले. मी संगणक उघडला, कालचं सगळं पुसलं आणि उठून उभी राहिले.

“सर, पान कोरं आहे. जे लिहायचं ते तुम्ही लिहा. पत्र गाईड स्वतः लिहितील, असं मी तिकडे कळवलं आहे.”

“जागा जाईल. कळतं का?”

“कळतं, सर.”

आवाज चिरकला माझा. पण शब्द पूर्ण निघाले.

उद्या शुक्रवार. पत्र गेलं की नाही, माहीत नाही. नसेल गेलं तर जागा जाईल. जाऊ दे. मला कमी लेखायचं असेल त्यानं स्वतः बसून एकेक अक्षर लिहावं. त्या कामाला माझी बोटं पुन्हा मिळणार नाहीत.