'उरलेल्या अक्षता' आणि मागे उरलेला नवरदेव

एखाद्या बँडनं आयुष्यात एकच अल्बम काढला की गाणी संपतात, किस्से संपत नाहीत. आमच्या 'बिनघोड्याची वरात'चं तसंच झालंय. गाणी सगळी मिळून नऊ. पण इस्लामपूरच्या माझ्या ठिबकच्या दुकानात पाइप न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा आधी म्हणतं, "तो ट्रॅक्टरचा किस्सा सांगा की." पाइप राहतो बाजूला. म्हटलं, एकदा बसून सगळं सांगून टाकावं.

आम्ही तिघं. विक्या, म्हणजे विक्रम, गाणी लिहितो, गिटार वाजवतो आणि गातो. ड्रमवर मल्हारी. बेसवर मी. बेस वाजत असतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही आणि थांबला की सगळे विचारतात, लाइट गेली का?

अल्बमचं नाव 'उरलेल्या अक्षता'. गोष्ट एका नवरदेवाची. अंतरपाट खाली येतो आणि पलीकडं नवरीच नसते. स्टेजवर विक्या डोळ्यांत काजळ, कपाळाला मुंडावळ्या आणि अंगात फाटकी शेरवानी घालून उभा राहतो. आमची गाणी पॉप-पंक. हे पॉप-पंक म्हणजे नेमकं काय असतं, असं त्याच्या आईनं एकदा विचारलं. विक्या म्हणाला, "रडायचं, पण पळत पळत."

*

मल्हारी जतकडचा. घरात आज्यापणज्यापासून धनगरी ढोल. ड्रमसेट त्यानं पहिल्यांदा बघितला तो थेट रेकॉर्डिंगच्या दिवशी. स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून तासगावकडच्या एका बेदाण्याच्या रिकाम्या कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही पसारा मांडला होता. भिंती जाड, बाहेरचा आवाज आत येत नाही.

मल्हारीनं ड्रमसेटभोवती एक फेरी मारली आणि हे किती जणांनी वाजवायचं ते विचारलं. म्हटलं, तू एकट्यानं. त्यानं एकेक ढोल बोटानं मोजला.

"आमच्यात ह्याला आठ माणसं लागत्यात. बाकीची सात जेवाय गेल्यात व्हय?"

मग बसला आणि असा काही वाजवला, की कोल्ड स्टोरेजचा मालक अंगावर टॉवेल गुंडाळूनच पळत आला. त्याला वाटलं, कॉम्प्रेसर फुटला!

*

कव्हरचा फोटो काढायला गावातला लग्नाचा फोटोग्राफर आणला. त्यानं सवयीप्रमाणं डिझाइन करून पाठवलं. डावीकडं मुंडावळ्या बांधलेला विक्या, खाली 'चि. विक्रम'. उजवीकडं बदामाच्या आकाराची चौकट, आत काहीच नाही. त्याखाली 'चि. सौ. कां.' आणि पुढं नुसती टिंबं. वर फोन करून म्हणतो, वहिनींचा फोटो पाठवा, तेवढंच राहिलंय.

आम्ही ते तसंच छापलं. पुण्यामुंबईची पोरं त्या रिकाम्या चौकटीवर लय फिदा झाली. फोटोग्राफर मात्र अजून नाराज आहे. बाजारात भेटला की म्हणतो, माझं काम अर्धवट बाहेर गेलं.

*

आता ट्रॅक्टर. सगळ्यात रडकं गाणं आम्ही एका गावच्या जत्रेत लाइव्ह रेकॉर्ड केलं. ऐन मोक्याला गिटार थांबते, विक्या गुडघ्यावर बसतो, सगळीकडं चिडीचूप. अगदी त्याच वेळी निवेदकानं माइक उचलला.

"निळ्या ट्रॅक्टरवाल्यांनी आपला ट्रॅक्टर वाटेतनं काढून घ्यावा. चेअरमनसाहेबांची गाडी अडकली हाय."

परत रेकॉर्ड करायचं तर जत्रा एकदम पुढच्या वर्षी. मग राहू दिलं तसंच. आता शो कुठंही असो, ती शांतता आली की सगळं पब्लिक एका आवाजात निळा ट्रॅक्टर काढायला सांगतं. एका समीक्षकानं तर लिहिलं, की निळा ट्रॅक्टर म्हणजे नायकाच्या मनात अडकून पडलेलं दुःख आहे. मल्हारीला मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"दुःख कशाचं? माझ्या मेव्हण्याचा हुता त्यो."

*

दहाबारा वर्षं होऊन गेली, पण अल्बम काही मरत नाही. हंगामात उसाचे ट्रॅक्टरवाले लावतात, झोप उडते म्हणतात. आणि वरातीत तर हमखास! नवरी न आलेल्या नवरदेवाच्या गाण्यावर अख्खं वऱ्हाड नाचतं, नवरासुद्धा. शब्द कोण ऐकतंय.

मध्ये पाचगणीच्या एका शाळेनं गॅदरिंगला बोलावलं. बघतो तर निम्मी पोरं काजळ आणि मुंडावळ्यांत. अल्बम आला तेव्हा त्यातली कैक जन्मली होती की नाही, देव जाणे. विक्या अजून मेकअपला बसायचा होता. एक मुलगी त्याला निरखून म्हणाली, "अंकल, तुम्ही थोडेसे त्या विक्रमसारखे दिसता." विक्या खूश. विचारलं, थोडेसेच का?

"तो बारीक आहे."

त्यानंतर आठवडाभर गड्यानं भाताला हात लावला नाही.

*

पण ह्या सगळ्यात विक्याचं एक काम अडलं. लग्न. पस्तिशी आली. ऊस आहे, घर आहे, सून कधी येते म्हणून वाट बघणारी आई आहे. मुलगी बघायला जावं तर आमच्या आधी ते कव्हर त्या घरात पोचलेलं! पोह्यांच्या बशीबरोबर प्रश्न येतो, पहिलीचं काय झालं? विक्या समजावतो की पहिली नाहीच, नाटक आहे, गाणी आहेत. माणसं मान डोलावतात आणि पुढं फोन उचलत नाहीत. एका घरच्या आजोबांनी तर केस कुठल्या कोर्टात चालू आहे ते विचारलं.

मीसुद्धा त्याला कितीदा खोदून विचारलंय, खरं सांग, कुणावर लिहिलंस? तो हसतो आणि म्हणतो, कुणावर न्हाई रं.

एकदा असाच नकार घेऊन आम्ही मोटरसायकलवरून परत येत होतो. मागं बसलेला विक्या म्हणाला, "गड्या, समद्यांच्या वरातीत माझं गाणं वाजतंय. मला तेवढी वरात न्हाई." मला लय वाईट वाटलं. गाडी चालवत राहिलो.

*

गेल्या महिन्यात साताऱ्याकडचं स्थळ आलं. मुलीचे वडील रिटायर्ड सुभेदार. विक्याच्या आईला ते प्रश्न आता ऐकवत नाहीत, म्हणून तिनं विक्याबरोबर मला आणि मल्हारीला धाडलं. मल्हारीला तोंड उघडायचं नाही अशी तंबी देऊन.

पोहे आले. सुभेदारांनी ऊस किती, पाणी कुठलं, काही विचारलं नाही. खिशातून फोन काढला आणि ते कव्हर आमच्यापुढं धरलं. झालं, मी मनात म्हटलं आणि चपला कुठं काढल्यात ते बघून घेतलं.

पण सुभेदार वेगळंच बोलायला लागले. मागं त्यांच्या मुलीचं लग्न ऐन हळदीच्या दिवशी पोराकडच्यांनी मोडलं. तेव्हापासून ती दार लावून हीच गाणी ऐकत बसायची. आलेल्या प्रत्येक स्थळाला नाही म्हणाली. विक्याचं नाव तिनं स्वतः काढलं. ज्याच्यावर बेतलंय त्यालाच माझं कळेल, असं बापाला म्हणाली.

"तवा आमच्यात लपवाछपवी नको," सुभेदार म्हणाले. "तुमाला सोडून गेली ती आता कुठं असती?"

 प्रत्येक घरात विक्या खरं सांगून हात हलवत परत आला होता. इथंही तेच सांगितलं तर हेही घर गेलं. मल्हारी पोह्यातले शेंगदाणे निवडत होता, मान वर करेना.

विक्यानं बशी खाली ठेवली.

"कराडला असती," तो म्हणाला. "दोन लेकरं हायत. सुखात हाय."

शाळेत पहिलीपासून मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसलोय. कराडची कुणी मला तरी माहीत नाही. मी त्याच्याकडं बघत राहिलो, पण तो माझ्याकडं बघायला तयार नव्हता.

 आतल्या दाराचा पडदा सरकला. चहाचा ट्रे हातात धरून मुलगी उभी होती.

तिनं विचारलं, "आणि तुम्ही?"