गोळ्या कुणाच्या?

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी बाबा पहिल्यांदा आमच्याकडे ओजिमाला आले. बाबा लष्करातले निवृत्त सुभेदार. शेवटची काही वर्षं ते लष्कराने चालवलेल्या एका शाळेत शिकवायचे. अमली पदार्थ पकडणाऱ्या पथकांचे पोलीस तिथे झडती घ्यायला शिकत. बाबांनी तिथे एक रीत पाडली होती: प्रत्येक तुकडीने पहिली झडती बाबांच्याच ट्रंकेची घ्यायची. "आज मला सोडलंत तर उद्या कुणालाही सोडाल," असं ते दरडावायचे.

आणि अशा माणसाच्या बॅगेतून मी काय मागवावं? सर्दीच्या गोळ्या! इथल्या गोळ्यांनी माझी सर्दी ढिम्म हलत नाही. आपल्याकडच्या गोळीतल्या एका औषधापासून नशेची पूड करता येते, म्हणून ती जपानात आणायला बंदी आहे. मला हे चांगलं माहीत होतं. तरी आईला म्हटलं, चकलीच्या डब्यात तळाशी घाल, बाबांना बोलू नकोस. म्हाताऱ्या माणसाला कोण अडवतंय!

अडवलं नाहीच. कस्टमवाल्या मुलीने हसून जायला सांगितलं, तर बाबांनीच बॅग टेबलावर ठेवली आणि एकेक डबा उघडून तिच्यापुढे रिकामा केला.

मी बाहेर ताटकळत होते. बाबांना जपानी येत नाही, म्हणून फॉर्मवरच्या माझ्या नंबरवर त्या मुलीचा फोन आला. स्पीकर लावते, म्हणाली, गोळ्या कुणाच्या ते वडिलांना विचारा. त्यांना अटक केली तर? परत पाठवलं तर?

मी मराठीत विचारलं. बाबांना सगळं उमगलं असणार. मग म्हणाले, "माझ्याच आहेत म्हणून सांग. मला सर्दी होते." जन्मात खोटं न बोललेला माणूस! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी जपानीत सांगितलं, "गोळ्या माझ्या आहेत. मी लपवून मागवल्या. वडिलांना ठाऊक नव्हतं."

बाबा बाहेर यायच्या आत कस्टमवाल्यांनी मला एका खोलीत नेऊन माझी यथेच्छ खरडपट्टी काढली, सही घेतली. गोळ्या अर्थातच जप्त झाल्या.

ट्रेनमध्ये बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "पटलं ना गं त्यांना, मी बोललो ते?"

"पटलं की," मी म्हटलं.

अजून खरं सांगितलेलं नाही. माझ्यासाठी ते आयुष्यात एकदाच खोटं बोलले. तेही फुकट गेलं, हे कुठल्या तोंडाने सांगू?