शेवटचा टाका

आमच्या कोठीच्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागे एक जाडजूड रबरी दोर वेटोळं घालून पडलेला असे. घरी येणारी बाई आधी दचकायची आणि मग विचारायची, हे काय पाळलंय? तो ग्लायडर क्लबचा दोर होता. बिनइंजिनाचं विमान टेकाडावरून हवेत सोडायचं, तर तो दोर त्याच्या नाकाला अडकवून माणसांनी दोन्ही बाजूंनी ताणत धावायचं. मग विमान गलोलीतल्या खड्यासारखं सुटायचं. सोलापूरच्या उन्हात रबर तडकतं, म्हणून घरातली सगळ्यात थंड आणि अंधारी जागा त्या दोराला मिळाली, आणि माझ्या लोणच्याच्या बरण्या बाहेर आल्या. मी बरीच कुरकुर केली. पण रबर चिकटू नये म्हणून दोराला शंखजिऱ्याची पूड चोळायचं काम हळूहळू माझ्याच अंगावर आलं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

ही तीस सालानंतरची गोष्ट. हे गिरणीच्या मशीनखात्यात होते. गिरणीतलेच दोघे-तिघे कारकून आणि एक गॅरेजवाले मुसलमान गृहस्थ, एवढाच क्लब. गावाबाहेर एक बंद पडलेलं जिनिंग होतं, त्याच्या शेडमध्ये यांनी नकाशावरून ग्लायडर बांधला होता. लाकडी बरगड्यांवर ताणून शिवलेलं सुती कापड म्हणजे त्याचे पंख. गाव हसायचं. रविवारी सकाळी भाकऱ्या बांधून आम्ही शेडवर जायचो. तारा तपासायच्या तेव्हा मी ग्लायडरच्या बैठकीवर बसायची. हे शेपटाशी उभे राहून ओरडायचे, "दांडा मागे! आता उजवीकडे!" आणि मी दांडा हलवला की मागची फळी हलते का ते बघायचे. जमिनीवर बसून मी अख्खं उड्डाण दर रविवारी करत होते म्हणा ना. फक्त हवा तेवढी नव्हती.

क्लबचा एक कायदा होता. एकदा उतरल्यावर एक नट सैल सापडला, तेव्हा गॅरेजवाल्यांनी हा कायदा केला. दुरुस्तीला ज्यानं शेवटचा हात लावला, त्यानंच नंतर पहिल्यांदा बसायचं. त्या दिवसापासून सगळ्यांचे नट आपोआप घट्ट बसू लागले.

आता पंखाचं कापड शिवायचे मी. म्हणजे कायद्यानं पहिलं बसायचं मीच. हे लक्षात येताच यांनी एक युक्ती काढली. माझं शिवून होत आलं की हे येणार, हातातली सुई घेणार आणि म्हणणार, "शेवटचा टाका मी घालतो." टाका कसला, गोणपाट शिवल्यासारखा! मग हेच बसायचे. मी खाली उभी राहून, हे धड उतरेपर्यंत पदराला पीळ घालत बघत राहायची. मला वर जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं, पण चार माणसांत नवऱ्याच्या हातून सुई हिसकावायची कशी?

एका हिवाळ्यात, हुरड्याच्या दिवसांत, ग्लायडर भलतीकडे वळला आणि उभ्या ज्वारीत उतरला. यांना खरचटलंसुद्धा नाही, पण उजवा पंख ताटांनी फाटला. शेतकरी धावत आला. "आता पाखरं राखू का तुमास्नी राखू?" म्हणून त्यानं मनसोक्त शिव्या घातल्या आणि मग सगळ्यांना हुरडा खायला बसवलं.

मी पंखाला नवं कापड शिवलं. पण कापड ताठ व्हायला त्याला एक विलायती रोगण लावावं लागे. पिकल्या केळ्यांसारखा वास यायचा त्याला. ते संपलं होतं आणि मुंबईहून येईना. आमच्या शेजारी तेलुगू विणकरांचं घर होतं. तिथल्या बाईंनी माझी अडचण ऐकली आणि म्हणाल्या, "त्यात काय अक्का? खळ लावा की! आमी सुताला लावतो तीच. कापड ढोलासारखं वाजतंय बगा." मला पटलं. यांना पटलं. साऱ्या क्लबाला पटलं. सोलापुरात सुताला खळ लावतात, मग पंखाला का नको? त्यांनी पातेलंभर पिठाची खळ शिजवून दिली. आम्ही ती पंखाला चोपडली, पंख शेडबाहेर लाकडी घोड्यांवर वाळत टाकला आणि सावलीत भाकरी खायला बसलो. वाळल्यावर टिचकी मारली तर खरंच ढोलासारखा आवाज! हे इतके खूश झाले की विणकरबाईंना क्लबात घ्यायचं म्हणाले.

मग आम्ही सगळे टेकाडावर वारा बघायला गेलो. परत येतो तो शेजारच्या मळ्यातली म्हैस दावं तोडून पंखाशी उभी. तिनं पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटून स्वच्छ केला होता आणि शेवटी कापडच दातांत धरून ओढलं होतं. डोळे मिटून निवांत चघळत होती बया. गॅरेजवाले मटकन खाली बसले. "वैनी, इंजिनाला पेट्रोल लागतंय, म्हशीला तुमचा पंख लागला!" हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं. हे तेवढे हसले नाहीत, पण घरी पोचेपर्यंत तेही हसले.

पुढे रोगण आलं. मी पंख पुन्हा पहिल्यापासून शिवला. दुसऱ्यांदा शिवताना मात्र माझ्या मनानं घेतलं, की या खेपेला सुई द्यायची नाही. शेवटच्या बरगडीशी आले, तशी हे आलेच.

"आण, शेवटचा टाका मी घालतो."

मी टाका घातला, गाठ मारली आणि दातांनी दोरा तोडला. "झाला," म्हटलं.

यांचा हात तसाच पुढे राहिला. "अगं, भलतं काय? चेष्टा आहे का ही?"

"कायदा आहे."

हे गॅरेजवाल्यांकडे बघू लागले. ते टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, "रूल म्हंजे रूल, साहेब. मीच केलाय, आता काय बोलू? दोर कमी ताणू आपण."

रोगण वाळल्यावरच्या रविवारी मी काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला आवळला आणि बैठकीवर बसले. यांनी पट्टा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. "दांडा जरासुद्धा ओढू नकोस," असं किती वेळा सांगितलं कोण जाणे. मग पंखाचं टोक धरून उभे राहिले. दोर ताणला गेला. एक हिसका बसला आणि खालची खडखड एकदम थांबली. टेकाडावरचं गवत पायांखालून सरकत होतं. पायांखालून! माणसाच्या उंचीपेक्षा फार वर नसेन मी, पण शिवणीवरून वारा शिट्टी घालत होता आणि ती शीळ माझ्या टाक्यांची होती. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. मग खाली धप्प आवाज झाला, घसरगुंडी झाली आणि सगळं थांबलं.

हे मागून धावत आले. मला वाटलं, आता रागावणार. पण ते पंखाला धरून उभेच राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. मग वाकून ते माझा पट्टा सोडू लागले.

"दर रविवारी तू खाली असाच जीव मुठीत धरून उभी राहत होतीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पट्ट्याचं बक्कल सोडवलं. मग हळूच म्हणाले, "यापुढं सुई तुझ्याकडेच राहू दे. मी पंख धरून धावेन."