किनाऱ्यावर जायची परवानगी

आमच्या शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की किनारा सुरू व्हायचा. खरा समुद्र पहाटे निघालं तर दिवस मावळताना दिसेल एवढा लांब. इथं बाहेर होता तो मुरमाड रस्ता, दोन बाभळी आणि मांजरसुंब्याकडे जाणारी जीप. तरीही तो किनाराच, आणि आत जे होतं ते जहाज.

नौदलाच्या भरतीसाठी मुलं तयार करणारी ती निवासी शाळा. मी तिथं गणित शिकवायचे. पहिल्याच संध्याकाळी घरी निघाले, तर फाटकावर पहाऱ्याला असलेल्या मुलानं विचारलं, "बाई, किनाऱ्यावर जायची परवानगी घेतली का?"

"कसला किनारा रे? मला जाऊन भाकरी टाकायच्यात," म्हणाले आणि चालू पडले. मागे त्यानं खाडकन सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी मी तणतणतच साहेबांकडे गेले. शाळा त्यांनीच काढलेली. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी नौदलात इंजिनाजवळ घालवली होती. "मी कप्तान न्हाई," असं ते ज्याला त्याला सांगत, पण लोकांनी एकदा कप्तान म्हटलं ते म्हटलंच. निवृत्त होऊन गावी आले आणि कुसळांशिवाय काही न उगवणाऱ्या स्वतःच्या माळावर त्यांनी ही इमारत उभी केली. फरशीला डेक म्हणायचं, अंगणात झेंड्याची डोलकाठी, आणि कुणीही बाहेर जाताना पहाऱ्यावरच्याला विचारायचं.

"कावून पण?" मी म्हटलं.

"बाई, जहाजावरनं कुणी न इचारता उतरलं, तर मागं राहिलेल्यांना कसं कळावं? गडी गावात गेला का पाण्यात पडला?"

बोलणं पटलं, पण मी काही वाकले नाही. सकाळी घरात चार जणांना विचारून उंबरा ओलांडायचा आणि संध्याकाळी पुन्हा मिसरूड न फुटलेल्या पोराची परवानगी काढायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं मी रोज नाक वर करून त्या फाटकातून बाहेर पडले. पहाऱ्यावरचा मुलगा सलाम ठोके आणि डोलकाठीखाली खुर्ची टाकून बसलेले साहेब भलतीकडेच बघत हसत.

मुलं पोहायला विहिरीत शिकत. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली की साहेब त्यांना बाकावर पालथं झोपवून हातपाय मारायला लावत. मी खिडकीतून बघायचे. कोरड्या वाऱ्यात पोरं जीव तोडून पोहत असत आणि बाकं जागची हलत नसत. हसू यायचं, तरी खिडकीपासून पाय निघत नसे.

बहुतेक मुलांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसऱ्यानंतर त्यांचे ट्रक खालच्या रस्त्यावरून निघत. वर बैलांचा चारा, भांडी, कोंबड्या, त्यातच बसलेली माणसं. मुलं गच्चीवरून हात हलवत राहायची. ट्रक वळणाआड गेले की त्यातलाच एखादा म्हणे, "गेले सफरीला," आणि सगळी खाली अभ्यासाला बसत.

श्रावणात मात्र माझाही तोल सुटायचा. दरीत धुकं भरायचं, समोरचे डोंगरमाथे तेवढे वर तरंगायचे. पवनचक्क्यांची पाती धुक्यात दिसेनाशी होत आणि त्यांचा घुमणारा आवाज फक्त येत राही. हातातला खडू तसाच राहायचा. आपण कुठंतरी चाललो आहोत, हळूहळू, सगळेच्या सगळे, असं वाटायचं. फळ्यावरचं गणित मुलांनी पूर्ण केलेलं असे, आणि ती मला हाक मारत नसत.

भरती झालेल्या पहिल्या मुलाचा फोन मला आला. "बाई, समुद्र बघितला. लई मोठा हाय, पण आपल्या बोअरच्या पाण्यावानीच खारट हाय." मी ते साहेबांना सांगितलं. ते दिवसभर स्वतःशीच हसत होते.

मग भरतीचे नियम बदलले. मुलं शहरातल्या क्लासला जाऊ लागली. विहीर हिवाळ्यातच आटायला लागली. एक वर्ग बंद झाला, मग दुसरा. शेवटची मुलं निकाल घेऊन गेली, तेव्हा साहेब एकटेच आत राहिले. न्हाणीत घसरून पडले तर रात्रभर कुणाला कळलं नाही. लेक त्यांना न्यायला पुण्याहून गाडी घेऊन आली, तेव्हा मीही शाळेत गेले.

संध्याकाळ होती. सामान गाडीत भरलं होतं, झेंडा उतरवून घडी करून ठेवला होता. साहेब मात्र खुर्चीतून उठेनात. लेकीनं समजावलं, रागावली, शेवटी रडायला लागली. "आण्णा, इथं पुन्हा पडलात तर मी कुणाला फोन करू?" त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मलाही वाटलं, म्हातारा हट्टाला पेटला.

मग ते कुठं बघताहेत ते मी पाहिलं. फाटकाशी पहारेकऱ्याचं स्टूल रिकामं होतं.

मी जाऊन तिथं उभी राहिले. पदर खोचला, पाठ ताठ केली. साहेब काठी टेकत उठले आणि सावकाश आले. मागे वळून रिकाम्या डोलकाठीला सलाम केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, किनाऱ्यावर जायची परवानगी?"

"जा, साहेब," मी म्हटलं.

गाडीची धूळ बसेपर्यंत मी तशीच उभी होते. मग लक्षात आलं की आत आता मी एकटीच उरले आहे, आणि स्टुलाजवळ दुसरं कुणी नाही. मी डोलकाठीकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा हात कपाळाला नेला आणि मोठ्यानं विचारलं, "किनाऱ्यावर जायची परवानगी?"

माळावर वारा होता, पवनचक्क्या फिरत होत्या. मी वाट बघत थांबले. खालून जीपचा हॉर्न वाजला आणि ड्रायव्हर ओरडला, "या की बाई, आमी थांबलोय."

मी फाटक ओढून घेतलं आणि उतरले.