पंगतीला दुसरं माणूस

"कूळ कुठलं?"

नवा माणूस भेटला की हात पुढे करायच्या आधी तो हे विचारायचा. नाव, गाव, शिक्षण सगळं नंतर. विचारताना मान जरा उजवीकडे कलायची, डोळे बारीक व्हायचे. शिंपी लांबूनच खांद्याचं माप घेतो ना, तसं वाटायचं.

मला त्यानं हे विचारलं ते जर्मनीत, र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये. सत्तावन-अठ्ठावन साल असेल. मी कोकणातला, पुण्यात इंजिनिअर होऊन पुढचं शिकायला आलेला. तो मणिपूरचा, इंफाळच्या जवळचा. अख्ख्या ऑफिसात आम्ही दोघंच भारतीय, म्हणून आम्हाला शेजारी शेजारी टेबलं दिली. जर्मनांना वाटलं, बोलायला सोबत होईल. प्रत्यक्षात मला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला माझी. इंग्रजी, हिंदी आणि कारखान्यातलं जर्मन यांची एक भेसळ आम्ही तयार केली होती. ती इथे मराठीत लिहितो आहे, म्हणून तो जरा जास्तच शहाणा वाटेल. मीही वाटेन, पण ते तुम्ही मनावर घेऊ नका.

"कूळ कुठलं?"

"इंजिनिअर," मी म्हटलं.

"ते पोटाचं झालं. कूळ?"

मी आडनाव सांगितलं.

"ते दारावरच्या पाटीचं झालं. कुळाचा देव कोण तुमचा?"

आता खरं सांगतो, मला आठवेना. लहानपणी पालखीत पाहिलेला चेहरा आठवत होता, नाव नाही. आईला पत्र लिहून विचारलं. तिचं उत्तर आलं: "रवळनाथ. एवढा शिकलास आणि हे परक्या मुलानं विचारायची वेळ आली? त्याला माझा आशीर्वाद सांग. आणि म्हणावं, याला दर सोमवारी आठवण करत जा."

ते पत्र मी त्याला वाचून दाखवलं, ही माझी चूक. पुढे कित्येक वर्षं दर सोमवारी सकाळी तो पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणायचा, "रवळनाथ." मीही म्हणायचो, "रवळनाथ." मग आम्ही गिअरबॉक्सकडे वळायचो.

एकदा त्यानं हाच प्रश्न आमच्या माइस्टरना केला. माइस्टर म्हणजे आमच्या विभागाचे मुकादम, साठीकडे झुकलेले, आडदांड. प्रश्न ऐकून त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. हळू आवाजात म्हणाले, "ते मागे, युद्धाच्या आधी, सरकारनं विचारलं होतं. तेव्हापासून इथे कोणी कोणाला विचारत नाही."

तो मात्र गडबडला नाही. म्हणाला, "माइस्टर, आमच्यात सात कुळं. कूळ विचारतात ते कुणाशी लग्न करायचं नाही, एवढं कळायला. त्यापुढे त्याचा कुणाला त्रास नाही."

माइस्टरनी थोडा विचार केला. "हे मला तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं, तर मीही सुटलो असतो," ते म्हणाले आणि कॉफी प्यायले. त्यांची बायको त्यांची लांबची चुलतबहीण होती, हे आम्हाला नंतर कळलं.

आम्ही दोघं एकाच घरात भाड्यानं राहायचो. दोन खोल्या, मध्ये जिना, खाली घरमालकीणबाई. तो कृष्णाचा भक्त. रोज सकाळी कपाळावर चंदनाची उभी रेघ काढायचा आणि कारखान्याच्या फाटकाशी टोपी पुढे ओढायचा. पण वसंतात, झाडांना पालवी फुटली की, एक दिवस दुसऱ्याच देवाचा असायचा. अपोक्पाचा.

"अपोक्पा म्हणजे ज्यानं जन्म दिला तो," त्यानं मला समजावलं. "आमच्या खुमान कुळाचा पहिला पुरुष. तोच आमचा देव. कृष्ण सगळ्यांचा आहे, त्याच्याकडे बघायला सगळे आहेत. अपोक्पाकडे आम्हीच बघायचं."

पूजेला मासा लागायचा, आणि तो जिवंत आणायला हवा. त्याच्या गावी मरळीसारखा मासा असतो, इथे कार्प. मासेवाला म्हणायचा, "अहो, नाताळ होऊन गेला!" कारण जर्मन लोक जिवंत कार्प आणतात तो नाताळला, आणि दोन दिवस आंघोळीच्या टबात ठेवतात. आमचा कार्पही टबातच राहायचा. घरमालकीणबाईंची काही तक्रार नव्हती, त्यांना उलट नाताळ दोनदा आल्यासारखं वाटायचं. तक्रार होती ती माझी. टबाची माझी पाळी शनिवारी, आणि देव नेमका शनिवारच्या आसपास यायचा. पाण्यातून माझ्याकडे टक लावून बघणाऱ्या माशासमोर मी बादलीनं अंग धुतलं आहे.

केळीचं पान कुठून आणणार? पहिल्या वर्षी त्यानं बागेतलं रुबार्बचं पान तोडलं, कारण तेच सगळ्यांत मोठं. भात वाढणार तेवढ्यात घरमालकीणबाई किंचाळत वर आल्या. रुबार्बचं पान विषारी असतं! तो जराही न दचकता म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. पूर्वजांना मारून वर मीही गेलो असतो." मग कोबीच्या पानावर नैवेद्य झाला.

आणि इथे माझ्या दुःखाची गोष्ट सुरू होते. मासा शिजायचा. आलं, कांद्याची पात, मिरची. मी कोकणातला माणूस, त्या देशात सहा-सहा महिने धड मासा न मिळालेला. वास जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत यायचा. आणि त्याच्या घराण्याची रीत अशी की अपोक्पाचा प्रसाद कुळातल्या माणसांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही.

"एक तुकडा?" मी दाराबाहेरून विचारायचो.

"नाही."

"डोकं?"

"रवळनाथ," आतून उत्तर यायचं. म्हणजे, तुझ्या देवाकडे माग.

मी जिन्यावर बसून पाव आणि चीज खायचो. पण एका वर्षी तो लवकर बाहेर आला आणि माझ्या शेजारी पायरीवर बसला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "घरी अंगणात पंगत बसते. पोरं भांडतात, म्हातारे ओरडतात. इथे मी एकटा पान मांडतो, एकटा बसतो, एकटा उठतो. अपोक्पाला वाटत असेल, एवढंच उरलं का माझं कूळ? जेवायला दुसरं माणूस तरी हवं रे."

माझ्यातल्या परोपकाराला एवढं पुरेसं होतं. मी त्याचं लग्न जमवायचं ठरवलं.

योग असा की त्याच सुमारास फ्रँकफर्टच्या एका रुग्णालयात मणिपूरची एक मुलगी आली. कलकत्त्याला नर्सिंग शिकलेली. एका बंगाली डॉक्टरकडून मला कळलं. मी चौकशी केली: वय योग्य, उंची योग्य, शिक्षण योग्य, स्वभाव हसरा. आमच्या आईचा मुलगा शोभेन अशी सगळी चौकशी केली. त्याला माझा टाय बांधला आणि एका रविवारी कॉफी-केकच्या दुकानात दोघांना समोरासमोर बसवलं. मध्ये मी, भटजीसारखा.

ती आली. लहानखुरी, आणि हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघतील असं हसणारी. त्यानं मान उजवीकडे कलती केली. मला तेव्हा आठवलं. एवढं सगळं विचारलं होतं आणि तेवढं एक राहिलं होतं!

"कूळ कुठलं?"

"खुमान," ती म्हणाली.

मला वाटलं, आता याचा चेहरा पडणार. तो उठला, आपल्या पुढ्यातली केकची बशी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "खा. मी तुझा भाऊ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं केक खायला घेतला आणि म्हणाली, "तामो, हा फार गोड आहे." तामो म्हणजे त्यांच्यात मोठा भाऊ. तेव्हापासून आम्हीही सगळे त्याला तामोच म्हणायला लागलो, माइस्टरसुद्धा.

परत येताना गाडीत मी माफी मागितली. तो म्हणाला, "कसली माफी? मी दुसरं माणूस मागितलं होतं. बायको मागितली होती का?" दोघांची घराणी वेगळी होती, पण मूळ पुरुष एकच. "गावी असतो तर वेगळ्या अंगणांत बसलो असतो," तो म्हणाला. "इथे अंगण एकच. गेनाऊ!" हे 'अगदी बरोबर' त्यानं माइस्टरकडून उचललेलं.

पुढच्या वसंतात दारामागे दोघं जेवली. ताटल्यांचा आवाज, भांडण, तिचं हसणं. मी बाहेर. जेवण झाल्यावर ती हात पुसत आली आणि जिन्यावर माझ्याजवळ बसली.

"तुम्हाला देता येत नाही," ती म्हणाली. "पण सांगते. डोकं तामोनं मला दिलं."

"कसं लागलं?"

"सांगून कळत नाही."

"तरी सांगा."

तिनं सांगितलं. हातांनी, डोळ्यांनी, ओठांनी. रस्सा किती आंबट, पोटाकडचा तुकडा किती मऊ. दोन वसंत मी त्या जिन्यावर न खाल्लेला मासा ऐकला. तिसऱ्याच्या आधी मी माइन नदीच्या काठी तामोला गाठलं आणि म्हटलं, "मला तुझ्या बहिणीशी लग्न करायचं आहे."

तो चालत राहिला. होडीच्या धक्क्यापाशी थांबला.

"कूळ कुठलं?"

यावेळी मला येत होतं. आडनाव, गोत्र, गाव, रवळनाथ, सगळं धडाधड म्हणून दाखवलं.

"ठीक आहे," तो म्हणाला. "अडचण काही नाही. पण लग्न झालं की ती तुमच्या कुळाची. अपोक्पाच्या पंगतीला मग तिला बसता येत नाही."

हे मला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घेतलं नव्हतं.

"मग तू?" मी विचारलं.

"मी काय, आधी होतोच की एकटा."

त्यानं ते इतकं साधेपणानं म्हटलं की मला वर बघवेना. मी म्हटलं, "आम्ही दोन वर्षं थांबतो. तोवर दुसरं कोणीतरी येईल."

तामो जोरात हसला. "तू काय मासा आहेस, टबात ठेवायला? वसंतापर्यंत थांब. तिचं शेवटचं पान मांडू दे. मग ने."

त्या वर्षी दारामागून आवाज आला नाही. मग त्यानं दार उघडलं. ती मागे उभी होती, डोळे लाल.

"सांगितलं त्याला," तामो म्हणाला.

"काय म्हणाला अपोक्पा?"

"देव काय म्हणणार? आल्झो, तर मग, मासा संपला." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती घाईनं खाते. काटे नीट बघत नाही. लक्ष ठेवत जा."

लग्न त्या हिवाळ्यात नगरपालिकेच्या कचेरीत झालं. साक्षीदार तामो. पुढचा वसंत आला तेव्हा जिन्यावर आम्ही दोघं होतो, मी आणि माझी बायको. आत एकाच ताटलीचा आवाज. माझा हात धरायच्याऐवजी तिनं जिन्याचा कठडा घट्ट धरला होता. मी चोर आहे, असं मला त्या दिवशी स्पष्ट वाटलं.

पण शरद ऋतूत, दिवाळीच्या सुमारास, आमच्या नव्या घराच्या दाराची घंटा वाजली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, रोज न सांगता येणारा तामो सूट घालून उभा. हातात सफरचंदं. मला ओलांडून तो तिच्यासमोर गेला आणि वाकून म्हणाला, "बीजेच्या दिवशी दुपारी माहेरी जेवायला यावं."

ती खुर्चीवर बसूनच राहिली. मला तिनं नंतर सांगितलं: आपल्या भाऊबिजेच्याच दिवशी त्यांच्यात सासरी गेलेल्या लेकीला माहेरी जेवायला बोलावतात. कुळाची पंगत वेगळी, ही लेकीची पंगत वेगळी.

"हे आमंत्रण द्यायला बहीण सासरी गेलेली लागते," तामो खुशीत म्हणाला. "आजवर माझ्याकडे कोणी नव्हतीच."

"आणि जावई?" मी आशेनं विचारलं.

"जावयाला बोलावत नाहीत. जावयानं घर राखायचं."

पुढे मुलं झाली, तीही आईबरोबर जायची आणि माझ्यासाठी वास घेऊन परत यायची. "पापा, एस वार सो गुट!" असं जर्मनमध्ये सांगायची, म्हणजे फार छान होतं म्हणून. मी घर राखायचो.

सत्तर सालाच्या जरा आधी तामोचे वडील गेले आणि कुळाच्या पूजेला वडीलधारा म्हणून त्याला परत जावं लागलं. तिकडे लग्न केलं, मुलगे झाले. वसंतात पत्र यायचं: अंगण भरलं होतं, पोरं भांडली, मीही ओरडलो. आणि शरदात दुसरं, अगदी औपचारिक: बीजेच्या दिवशी दुपारी माहेरी जेवायला यावं. सात-आठ हजार किलोमीटरवरून दुपारचं जेवण! बायको दर वर्षी उत्तर लिहायची, "तामो, यंदा जमत नाही, पण पोट भरलं."

गेल्या वर्षी आमंत्रण आलं ते वेगळ्या अक्षरात. थोरल्या मुलाचं. वडील पावसाळ्यात गेले, पूजेला आता मी बसतो, असं एका ओळीत होतं. आणि खाली: "आत्या, बीजेच्या दिवशी दुपारी माहेरी जेवायला यावं. काकांनाही आणा."

तिनं ते पत्र कितीतरी वेळ वाचलं. मग उठून कपाटातून फनेक काढलं, ते त्यांचं कमरेला गुंडाळायचं वस्त्र, आणि इस्त्री तापायला लावली. माझ्याकडे पाठ होती.

"अहो," ती म्हणाली, "विमानाच्या तिकिटाचं बघा. माझं आणि मुलांचं."

"त्यानं काकांना बोलावलंय," मी म्हटलं.

"पोर आहे तो. त्याला काय कळतं?" तिनं नाक ओढलं आणि घडीवरून इस्त्री फिरवली. "तामोनं तुम्हाला कधी बोलावलं होतं का?"