देवाजी राजाचा पंप

गोंदियाच्या आमच्या छातीच्या दवाखान्यात किस्से मागावे लागत नाहीत. मी सिस्टर. पेशंटला दम्याचा पंप ओढायला शिकवायचं काम माझं, त्यामुळे सगळे किस्से माझ्याच टेबलाशी येऊन साचतात. निम्मे तर एकट्या दवनीवाड्याच्या देवाजींचे!

देवाजी म्हणजे दंडारीतले, आमच्याकडच्या लोकनाट्यातले राजे. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली की दिवसाढवळ्या दंडारीचा खेळ व्हायचा आणि राजा दरवर्षी तेच. पण दमा असा जबर, की विहिरीपर्यंत जाऊन आले तरी खाटेवर बसायचे. डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक रोजचा आणि दुसरा दम लागला की दोन दाब घ्यायचा.

"रोजचा पंप ओढला की चूळ भरा," मी बजावलं. पुढच्या खेपेला पाहते तर गालात तंबाखूचा खर्रा!

"देवाजी, हे काय?"

"चूळ भराचीच आहे ना बाई, मंग एकाच चुळीत दोन्ही कामं!"

*

एकदा भर दुपारी त्यांना दम लागला आणि पंप सापडेना. बायको रुखमाबाई सांगत होती, "कुठी ठेवला म्हणून इचारलं, तं बोलताच येईना. नुसतं ढोलीकडे बोट!" धानाच्या ढोलीत लपवलेला! बिचारीनं अर्धी ढोली उपसली तेव्हा हाती लागला.

मी चिडलेच. "जीव जाईल ना! लपवता कायले?"

"गावाले मालूम झालं तं दमेकऱ्याले राजा कोण करन, बाई?"

*

मग मंडईच्या आदल्या दिवशी त्यांना धापा टाकत आणलं. रोजचा पंप हलवून पाहिला, तर भरलेला!

"काऊन घेतला नाही?"

"मंडईसाठी... जपून ठेवून राहिलो होतो."

अरे देवा! तो काय ठेवणीतला फेटा आहे? मंडई झाली आणि देवाजी ऑक्सिजन लावून कॉटवर. राजा दुसऱ्यानं केला हे कळल्यावर ढसाढसा रडले. राग होताच, पण मलाही रडू आलं.

*

तेव्हापासून रोजचा पंप न चुकता. वर्षभरात सायकलवर शेतात, धानाच्या बांधीत जायला लागले. मी खूश, तर रुखमाबाई तक्रार घेऊन हजर!

"पहले बुढा रातभर खोकलत जाय, मले झोप नाही. आता घोरून राहिला, तरी झोप नाही. याचा बी पंप आहे काय, बाई?"

*

त्या वर्षी मंडईला मीच गेले. धुरळा असा, की माझाच घसा बसला. राजाचं भाषण रंगात आलं आणि मधेच आवाज तुटला. छाती वरखाली व्हायला लागली. मी धावायला उठले.

"प्रधानजी!" राजा कसाबसा गरजला. "आमचा पंप पेश करा!"

प्रधानानं राजाच्या शेल्यातून पंप काढला, ताटात ठेवला आणि कमरेत वाकून पुढे केला. राजानं टोपण काढलं आणि अख्ख्या गावासमोर एक दाब ओढला.

टाळ्यांचा कडकडाट! मागून कोणीतरी ओरडलं, "वन्समोर!"

राजानं माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा दाब घेतला.